ओल्या हवेतली पैज

"हे काय आहे, म्हणून विचारत होता तो विमानतळावरचा पोरगा," धक्क्यावर पाय ठेवता ठेवताच पमाआत्याने सुरुवात केली. "म्हटलं, सोऱ्या. कुरडया पाडायचा. तर म्हणतो, उघडून दाखवा. दाखवला. मग म्हणतो, चालवून दाखवा. आता चीक नसताना काय पाडू त्यातनं, त्याचं डोकं?"

तिच्या मागून बोटीतून उतरणारे पर्यटक खोखो हसत होते. त्यांना बोटीवर हीच गोष्ट आधी एकदा ऐकायला मिळालेली असणार. आत्याच्या एका हातात तो पितळी सोऱ्या होता, गदेसारखा धरलेला, आणि पप्पांच्या हातात तिने जी पिशवी दिली तिने पप्पा एका बाजूला कललेच.

"आक्का, यात काय आहे?"

"गहू."

"अगं, गहू मिळतो की इथे!"

"तुमच्या इथल्या गव्हाला चीक असतो?"

पप्पांना हे माहीत नव्हतं. आईने हळूच विचारलं, "वन्सं, पण कुरडया... इथे?"

"मग कुठे? मे महिना आहे. मी नकाशात बघून आलेय, सूर्य इथे अगदी टाळूवर येतो. सोलापुरात दोन-तीन दिवस लागतात, इथे एका दिवसात खडखडीत होतील. तुमचंही वर्षाचं होईल, माझंही."

आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी समुद्राकडे.

पमाआत्या ही पप्पांची थोरली बहीण. पप्पांनी कुठे शिकावं, बँकेतच का लागावं, कोणाशी लग्न करावं, हे सगळं तिने ठरवलेलं आहे. (आई म्हणते, शेवटचं तिने बरं ठरवलं.) एकच गोष्ट तिला विचारून झाली नाही, ती म्हणजे पप्पांची सोलापुरातून अंदमानात बदली. तीही अंदमानातल्या अशा एका बेटावर, जे नकाशात शोधायला गेलात तर तुमच्याच बोटाखाली झाकलं जाईल. आता मी अकरावीत आहे. हे घडलं तेव्हा आठवी संपली होती आणि आम्हाला इथे येऊन वर्ष झालं होतं.

घरी आल्यावर आत्याने पाहणी सुरू केली. मिठाची बरणी उलटी केली, मीठ पडलं नाही. काडेपेटी ओढली, काडी पेटली नाही. आईने पापड भाजले, ते ताटात येईपर्यंत रुमालासारखे घडी घालण्याजोगे झाले होते. मग तिने माझं कपाट उघडलं. आत बल्ब जळत होता.

"भर दुपारी कपाटात दिवा? कपडे अभ्यासाला बसलेत का?"

"बुरशी येते, आत्या. बल्बच्या उबेनं कमी येते," मी पुटपुटले.

"काय? मोठ्यानं बोल."

"काही नाही."

जेवताना तिने बॉम्ब टाकला. आमटीचा भुरका मारून म्हणाली, "श्रीधर, मी हिला न्यायला आलेय."

पप्पांचा घास हातातच राहिला.

"नववीपासून सोलापुरात राहील माझ्याकडे. शाळेत बोलून ठेवलंय. क्लास घराच्या खालीच आहे. ही काय हवा आहे का? ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखं वाटतंय मला धक्क्यावर उतरल्यापासून. अशा हवेत पोरीचा मेंदू कसा चालेल? लोक इथे चार दिवस येतात, फोटो काढतात आणि घरी जातात. शहाण्यासारखे."

पप्पा म्हणाले, "बघू." आता, पप्पा आत्याला 'बघू' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ 'बरं' असा असतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मला घाम फुटला. म्हणजे घाम आधीचाच होता, त्यात भर पडली. मला झुमा दिसायला लागली, शेजारच्या बिश्वासांची, माझी आयुष्यातली पहिली जिवलग मैत्रीण, वर्षभरात माझ्याकडून मराठी शिकलेली. आमचा फणसाखालचा झोपाळा दिसायला लागला. आणि सोलापुरातला तो क्लास दिसला, घराच्या खालीच असलेला.

"हवा चांगली आहे!" कोणीतरी ओरडलं.

ती मी होते. सगळे माझ्याकडे बघत होते. आईसुद्धा.

आत्याने भुवई उचलली. "चांगली आहे?"

"हो. फक्त... तिच्या कलाने घ्यावं लागतं."

"असं का? मग घे तिच्या कलाने आणि माझ्या कुरडया वाळवून दाखव." तिने ताटातला मऊ पडलेला पापड उचलला आणि माझ्यापुढे हलवला. "मी जायच्या आत वाळल्या तर मी हरले, राहा इथे खेकड्यांत. नाही वाळल्या तर बॅग भर. पण उन्हात हं! पंखा नाही, इस्त्री नाही, तवा नाही. ऊन म्हणजे ऊन."

"मंजूर," मी म्हणाले आणि मग कुरडई म्हणजे नेमकं काय आणि ती किती ओली असते हे आईला विचारायला स्वयंपाकघरात गेले.

आईने फक्त कपाळावर हात मारला.

गहू भिजत पडले. तीन दिवस रोज पाणी बदलायचं. तेवढ्यात मी माहिती काढली. झुमाची आई, म्हणजे काकीमा, डाळीच्या वड्या घालते आणि त्या अंगणात वाळवते. मी विचारलं, कधी घालता?

"जानवरी में," काकीमा म्हणाली. "मई में कौन सुखाता है रे, बाबा? मई में तो आदमी नहीं सूखता!"

"मेरी बुआ," मी म्हणाले.

काकीमाने कुंपणावरून आमच्या अंगणात नजर टाकली. आत्या कमरेला पदर खोचून, गहू वाटून त्यातला पांढरा चीक गाळत होती आणि वर बघून आभाळाला उद्देशून काहीतरी म्हणत होती. काकीमा तेवढ्यावरूनच समजली. "अच्छा," ती म्हणाली, "तो ये अपना मई लेके आई है."

चौथ्या दिवशी सकाळी चीक शिजला. गरम चीक दुधसाखरेत कालवून झुमाने तीन वाट्या खाल्ल्या आणि जाहीर केलं की हे वाळवायची काही गरजच नाही. मग अंगणात प्लॅस्टिकचा कागद पसरून आत्या सोऱ्या फिरवायला लागली आणि एकेक पांढरीशुभ्र, गोल गोल जाळीची कुरडई पडायला लागली. ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. मी मनातल्या मनात उड्या मारत होते. आत्यासुद्धा खूश होती, पैज विसरून. "बघितलंस? म्हटलं होतं ना मी, टाळूवर!"

आम्ही हात धुवायला आत गेलो. बाहेर आलो तर एक कुरडई चालत निघाली होती.

आत्या किंचाळली. मी वाकून बघितलं. खाली शंखातला खेकडा होता, अख्खी कुरडई पाठीवर घेऊन तुरुतुरु फणसाकडे निघालेला. त्याच्यामागे दुसरा. तिसरा कडेला बसून खात होता.

"चोर! मेले दहा पायांचे चोर!" आत्या चप्पल घेऊन धावली. मी तिला अडवलं, खेकडे उचलून कुंपणापलीकडे ठेवले, आणि झुमा आणि मी मिळून सगळा कागद खाटांवर चढवला. चढवून होतोय न होतोय तोच टप, टप, टप.

वर बघितलं. आभाळ निळंभोर. फक्त आमच्या घरावर एक ढग, उशीएवढा. तो दहा मिनिटं पडला, मनापासून, आणि पुढे निघून गेला. ऊन परत आलं, अगदी काही झालंच नाही अशा थाटात.

आत्या ओट्यावर बसली होती. तिने भिजलेल्या कुरडयांकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं, कुंपणावरून डोकावणाऱ्या काकीमाकडे बघितलं. "बहनजी," ती म्हणाली, "तुम्हारे सूरज को दमच नहीं है."

त्या दिवशी तीन वेळा पाऊस आला. दुसऱ्या दिवशी चार वेळा. दर वेळी आम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. संध्याकाळी आत्या एक कुरडई उचलून वाकवायची. वाळलेली कुरडई कट्टकन तुटते. आमची वाकायची. नमस्कार केल्यासारखी.

मग माझ्या डोक्यात आलं. पाऊस आभाळातून पडतो खरा, पण येतो समुद्रावरून. आमच्या घरून समुद्र दिसत नाही, पण धक्क्यावरच्या मुरुगन अण्णाच्या टपरीवरून दिसतो. पांढरा पडदा ओढत यावा तसा पाऊस पाण्यावरून चालत येताना त्याला आधी दिसतो. त्याने तिथून आरडाओरडा केला तर?

मी टपरीवर गेले. मुरुगन अण्णाने विचारलं, "क्या चाहिए?" मी चहा मागितला, प्यायले आणि परत आले.

"विचारलंस?" झुमाने विचारलं.

"नाही."

"जा परत."

परत गेले. "फिर से चाय?" अण्णा म्हणाला. मी डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगितलं. आत्या, सोलापूर, क्लास, कुरडया, खेकडे, पडदा. डोळे उघडले तर अण्णा चहा ओतायचा थांबला होता आणि टपरीवरची गिऱ्हाइकं वळून बघत होती.

"एक पापड के लिए तेरेको ले जाएगी?"

"पापड नहीं, अण्णा, कुरडई."

"ठीक है," तो म्हणाला. "मैं पतीला बजाएगा."

टपरीवरचं पातेलं आमच्या घरापर्यंत ऐकू येईना. म्हणून मध्ये सायकली भाड्याने देणाऱ्या तिर्कीभैयाला पकडलं. तो म्हणाला, पातेलं वाजलं की मी सगळ्या सायकलींच्या घंट्या वाजवतो. आणि घंट्या ऐकल्या की काकीमाने शंख फुंकायचा असं ठरलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. वादळ आलं की आम्ही फुंकतोच, म्हणाली. हे तर कुरडयांचं वादळ.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमारास धक्क्यावर ढणढण झाली. मग रस्त्यावर टिंगटिंगटिंगटिंग. मग काकीमाचा शंख, असा दणदणीत की आत्या दचकून "अगं बाई, आरती?" म्हणत उठली. तोवर मी आणि झुमाने खाटा ओसरीखाली ओढल्या होत्या. आणि मग पाऊस आला, मोकळ्या अंगणात, एकटाच. मी ओसरीत उभी राहून त्याला वाकुल्या दाखवल्या.

चार दिवस हे चाललं आणि मला सांगायला लाज नाही, मी त्या चार दिवसांत अख्ख्या रस्त्याची सेनापती झाले होते. अण्णाने पातेलं उशिरा वाजवलं की मी तिर्कीभैयाच्या सायकलींपर्यंत पळत जाऊन ओरडायचे, "अण्णा, सो गए क्या?" आणि टपरीवरून उत्तर यायचं, "ग्राहक था रे बाबा!" तिर्कीभैया उगाच घंटी वाजवून माझी फजिती करायचा, तर मी जाऊन त्याच्याशी भांडून यायचे. पर्यटकांनाही कळलं. किनाऱ्यावर लोळत पडलेले लोक शंख ऐकला की टॉवेल, चपला, मोबाइल गोळा करून पळायचे. एकदा नागपूरचं एक नवीन जोडपं फाटकाशी येऊन उभं राहिलं.

"कुरडईवाली मुलगी तूच का?" त्यातली वहिनी म्हणाली. "उद्या काचेच्या तळाच्या बोटीतून जायचंय आम्हाला. जाऊ का गं?"

मी आभाळाकडे बघितलं, फणसाच्या पानांकडे बघितलं. (फणसाच्या पानांवरून काही कळत नाही, पण बरं दिसतं.) "सकाळी सातची घ्या. नऊनंतर वारा फिरतो. आणि छत्री ठेवून जा, ती उलटी होते. टोपी घाला. आणि भिजलात तर भिजा ना, समुद्रात तर चाललाय!"

ते दोघं हसत गेले. मी वळले तर आत्या दारात उभी होती, हातात निवडायच्या तांदळाचं ताट. नुसती बघत होती, सोऱ्याची चकती नीट बसली की नाही बघतात तशी.

एवढं करूनही संध्याकाळी कुरडई वाकायचीच. पाऊस नव्हता भिजवत तिला, हवाच भिजवत होती. दिवसभर वाळायची आणि रात्रभर परत पाणी प्यायची. कडांना बारीक हिरवट ठिपके दिसायला लागले होते. मी ते नखाने काढायचे.

आणि मग, आत्या जायच्या आदल्या दिवशी, खरा पावसाळा आला. दहा मिनिटांचा नाही. आभाळ खालून वरपर्यंत करडं झालं आणि पाऊस पडायलाच लागला. अण्णाने पातेलं वाजवलं, तिर्कीभैयाने घंट्या वाजवल्या, काकीमाने शंख फुंकला, आणि मग तिघांनाही कळलं की आता थांबायचं कधी हेच ठरत नाहीये. हळूहळू सगळे गप्प झाले.

"आमच्या भट्टीत ठेवूया," झुमा म्हणाली. बिश्वासांच्या वाडीत खोबरं वाळवायची शेड आहे. खाली नारळाच्या करवंट्या धुमसतात, वर जाळीवर खोबरं. बाहेर प्रलय आला तरी आत सगळं खडखडीत. "एका दिवसात होतील. कुणाला कळणार?"

मी आत्याकडे गेले आणि सरळ विचारलं. लपवून करायचं माझ्या मनात आलंच नाही असं नाही, पण आत्यापासून काही लपवणं हे भट्टीपेक्षा अवघड काम आहे.

"नाही," आत्या म्हणाली. "ऊन म्हणजे ऊन."

"पण ऊनच नाहीये!"

"तेच तर म्हणतेय मी आल्यापासून."

"अगं, पण हवा वाईट असती तर एवढी माणसं इथे राहिली असती का? अण्णा वीस वर्षं राहतोय! काकीमाचा जन्म इथला! तुझ्या सोलापुरात कुरडया वाळतात म्हणून काय मी पण जाऊन वाळू?"

पप्पा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "वल्लरी!"

आत्या मात्र रागावली नाही. तिने चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. "ओरडून झालं? मग जा, उद्याची बोट सुटतेय का विचारून ये धक्क्यावर."

मी रागारागात छत्रीशिवाय गेले. समुद्र खवळलेला, बोटीचं कोणीच काही नक्की सांगेना. तिकिटाच्या खिडकीपाशी अडकलेल्या पर्यटकांची ही गर्दी, सगळे एकच विचारत होते, थांबेल का, कधी थांबेल. नागपूरची वहिनी रडकुंडीला आलेली. मी तिला अण्णाच्या टपरीत बसवलं, चहा पाजला, बोट आज गेली नाही तर उद्या दुपारी हमखास जाते हे समजावलं, खिडकीतल्या बाबूशी तिच्या तिकिटासाठी भांडले. दुपार कशी गेली कळलंच नाही. घरी आले ती काळोख पडताना आणि काही न खाता झोपले. बॅग मात्र भरली नाही. म्हटलं, भरतील ज्यांना हवी ते.

सकाळी उठले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोठी परात. परातीत कुरडया. मी एक उचलली. हलकी, पिसासारखी. पांढरी नव्हती, जराशी तांबूस झाली होती. वाकवायला गेले.

कट्ट.

"आई! हे तू केलंस?"

"मी? मी काल बँकेच्या वहिनींकडे होते दिवसभर."

म्हणजे झुमा. मी पावसातून तशीच कुंपण ओलांडून पळाले. "झुमा, तू कशाला गं! आत्याने चव घेतली की लगेच कळेल, आणि मग ती म्हणेल मी फसवलं!"

झुमा दात घासत होती. तिने मान हलवली. मी नाही, अशी. मागून काकीमा हसत हसत पुढे आली.

"तेरी बुआ आई थी," ती म्हणाली.

तू धक्क्यावर गेलीस आणि मागोमाग तुझी आत्या आली, काकीमा सांगायला लागली. डोक्यावर परात, परातीवर प्लॅस्टिक, स्वतः चिंब. आमच्या शेडमध्ये स्टूल घेऊन बसली ती संध्याकाळपर्यंत. झुमाच्या बाबांशी भांडत होती जाळ किती ठेवायचा यावरून. ती मराठीत, ते बांगलात. दोघांनाही सगळं समजत होतं.

"पण तिनेच तर नाही म्हटलं होतं!"

"वो तो मैंने भी पूछा." काकीमाने पदराने हात पुसले. "तो बोली, बहनजी, ये लड़की सोलापूर में पाव लाने जाती थी ना, तो खाली हाथ वापस आती थी. दुकानदार से बोलती ही नहीं थी. दुकान में खड़ी रहती, और वापस. मुझे लगा, इधर समुंदर में अकेली पड़के और गूँगी हो जाएगी. उसके लिए लेने आई." काकीमा थांबली. "फिर मेरे को पूछा, ये रोज ऐसा ही चिल्लाती है क्या? मैंने बोला, रोज. तो बोली, फिर सुखा दो."

मी तशीच भिजत घराकडे पळाले. मागून काकीमाचं हसू ऐकू आलं.

घरात शिरले तर तेलाचा खमंग वास आला. कढईत कुरडई पडली, फुलली, कढईच्या काठापर्यंत आली. पप्पा, आई टेबलाशी बसले होते. आत्या प्रवासाची साडी नेसून तयार होती आणि झाऱ्या हातात घेऊन उभी होती. मला बघताच तिने परातीतली एक कच्ची कुरडई उचलली आणि सगळ्यांसमोर मोडली. कट्ट.

"वाळल्या," ती म्हणाली. "हरले मी. श्रीधर, नववीची हिची पुस्तकं इथलीच घे."

"आत्या," मी म्हणाले, "पण काल तर दिवसभर..."

"तोंड उघडलंच आहेस तर हे घाल त्यात." आणि तिने गरम कुरडई माझ्या तोंडात कोंबली.

पप्पांनीही एक मोडून खाल्ली. चावता चावता थांबले. हातातला उरलेला तुकडा नाकाशी नेला.

"आक्का, याला खोबऱ्याच्या धुराचा वास येतोय का गं?"

आत्याने कढईत पुढची कुरडई सोडली.

"इथली हवाच तशी आहे," ती म्हणाली. "खा गपचूप."